घाटावर घर, खाडीत बोट : शिडाच्या बोटीवरचा दिनक्रम आणि दुरुस्त्या

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे आणि गोव्यात मांडवीच्या खाडीत एकतीस फुटी शिडाची जुनी फायबरची बोट. दोन्ही एका दमात सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "बेळगावात समुद्र कधी आला रे?" समुद्र नाही आला. पण बोट ज्या पाण्यात उभी आहे, ते आमच्याच खानापूर तालुक्यातल्या रानातून निघतं. इथं ती म्हादई, पणजीला पोचेपर्यंत मांडवी. नौदलाची 'म्हादेई' ही शिडाची बोट याच नदीच्या नावाची, बांधलीही तिथंच, दिवाडी बेटावर. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठंही न थांबता.

आमची उडी फार तर उत्तरेला मालवण, दक्षिणेला कारवार. बोट माझी आणि मावसभावाची, निम्मी-निम्मी. दिवाळीनंतर मोसम सुरू होतो, मेच्या मध्याला संपतो. मधे दोन-तीन वेळा पंधरा-वीस दिवस सलग बोटीवरच मुक्काम, एरवी दर दुसऱ्या शुक्रवारी चोर्ला घाट उतरायचा आणि रविवारी रात्री चढायचा. सहा मोसम असे काढल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे: बोट समुद्रात कमी बिघडते, आपण घाटावर असताना जास्त बिघडते. आणि ऐन वेळी हवी असलेली वस्तू शंभरेक किलोमीटर मागे, कपाटातल्या दुसऱ्या खणात असते. म्हणून सुरुवात घरच्या टेबलापासून करतो.

निघण्याआधी, घरी

रबराची प्रत्येक वस्तू दोन-दोन घ्या. पाण्याच्या पंपाचा इंपेलर (आतलं रबरी चक्र), अल्टरनेटरचा बेल्ट, होजचे तुकडे, ओ-रिंगा. उष्ण हवेत रबर नुसतं पडूनही कडक होतं, त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचा 'नवा' इंपेलर नवा नसतो. डिझेलचे दोन्ही फिल्टर, इंजिन ऑइल, दांड्याभोवतीची गळती अडवणारी ग्लँड दोरी, पॅकिंग कागद, होज क्लिपा, फ्यूज, टिनचा मुलामा दिलेली तांब्याची वायर आणि तिच्या टोकांना बसवायचे लग. हे सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, लोखंडी वस्तूंना तेलाचा हात लावून. डब्याच्या झाकणावर आत काय आहे ते मार्करनं लिहा. कागद चिकटवला तर महिन्याभरात त्याचा लगदा होतो.

धातूच्या बाबतीत बेळगावकराला थोडा माज असतो, मलाही होता. फौंड्री आणि लेथचं गाव, कुठलाही भाग दोन दिवसांत करून मिळतो. पहिल्या वर्षी सिंकच्या पाण्याची, बोटीच्या बुडातून बाहेर जाणारी तोटी मी स्वतः पितळेत टर्न केली. फिनिश असं की फोटो काढून ठेवला. चौदा महिन्यांनी बोट पाण्याबाहेर काढली तेव्हा सहज स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर टोक आत गेलं. खरवडलं तर पिवळं नाही, गुलाबी. खाऱ्या पाण्यानं पितळेतलं जस्त खाऊन टाकलं होतं आणि उरलेलं तांबं बिस्किटासारखं भुसभुशीत झालं होतं. वर्षभर आमची बोट त्या बिस्किटावर तरंगत होती. तेव्हापासून पाण्याखाली पितळ बंद, फक्त गनमेटल, म्हणजे तांबं-कथिलाचा मिश्रधातू. आपल्याकडच्या फौंड्रीत पंपांच्या बुशांसाठी ते रोज ओततात, सांगायला लाजू नका. जुन्या बोटीवर कुठली तोटी कशाची आहे हे माहीत नसेल तर बोट वर काढल्यावर ब्लेडनं थोडी खरवडा आणि रंग पाहा.

स्टेनलेसचंही तसंच. दुकानात सहसा ३०४ मिळतं, समुद्रावर ३१६ लागतं. "हे पण एसएसच की, काय फरक पडतोय," असं दुकानदार म्हणणारच. फरक पहिल्या पावसाळ्यानंतर तांबूस ओघळांतून दिसतो. लोहचुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नका, दोन्ही जाती चुंबकाला जवळजवळ चिकटत नाहीत. टेस्ट सर्टिफिकेट असलेला बारच घ्या. आणि ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टेनलेसचा स्क्रू मारायचा असेल तर मधे झिंक क्रोमेटची पेस्ट भरपूर लावा. नाहीतर पुढच्या वर्षी तो स्क्रू निघत नाही, तुटतो.

बोटीवर पाय ठेवल्यावर पहिला अर्धा तास

सामान बाहेरच ठेवा. चहाही नंतर.

आधी दार उघडून वास घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर जमिनीलगत पसरून निदान दाराबाहेर जाऊ शकतो, बोटीत गळला तर तळाशी साठतो आणि एका ठिणगीची वाट बघत बसतो. शंका आली तर एकही बटण दाबू नका, सगळी झाकणं उघडून वारा खेळू द्या. सिलिंडरची जागा बाहेरच, तळाला समुद्रात निचरा असलेल्या कप्प्यात हवी, आणि प्रत्येक स्वयंपाकानंतर व्हॉल्व्ह सिलिंडरपाशीच बंद करायचा. शेगडीपाशी बंद केला म्हणजे झालं, असं बोटीवर चालत नाही.

मग फळी उचलून तळातलं पाणी बघा, ज्याला बिल्ज म्हणतात ते. किती आहे यापेक्षा कसलं आहे हे महत्त्वाचं. वर डिझेलचा तवंग नसेल तर हाताचं बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावा आणि थुंका. गोडं लागलं तर टाकीची गळती किंवा पाऊस, म्हणजे चहा पिऊन मग शोधलं तरी चालेल. खारं लागलं तर चहा राहू द्या. बुडातून जाणारी प्रत्येक तोटी, तिचा होज, तिच्या दोन्ही क्लिपा हातानं चाचपा. हात क्लिपेच्या खालच्या बाजूनं फिरवायचा, कारण गंज तिथं चढतो आणि वरून क्लिप चकचकीत दिसते. मांडवीत एक घोळ आहे: पावसाळ्यात आणि त्यानंतर काही दिवस नदीचं पाणीच गोडसर असतं, तेव्हा जिभेचा निकाल ग्राह्य धरू नका.

प्रत्येक कॉक एकदा पूर्ण बंद करून परत उघडा. जो फिरत नाही तो गरजेच्या दिवशीही फिरणार नाही. प्रत्येकाशेजारी त्या मापाचा, निमुळता, मऊ लाकडाचा दट्ट्या सुतळीनं बांधलेला हवा. तोटी तुटली तर हातोडीनं तो आत ठोकायचा. आमचे दट्ट्ये खानापूरच्या एका सुतारानं केलेत. त्याला शेवटपर्यंत वाटत होतं की ते बैलगाडीसाठी आहेत.

शेवटी बॅटरीचं व्होल्टेज आणि नांगराचे दोर. बोटीवर जिथं दोर घासतो तिथं जुन्या फायर होजचा तुकडा चढवलेला असतो, तो घसरलेला नाही ना एवढं बघा.

इंजिन: पाणी, हवा आणि ग्लँड

शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, असं विचारणाऱ्याला संध्याकाळी ओहोटीच्या वेळी, वारा पडलेला असताना मांडवीच्या मुखाशी उभं करावं. आमचं वीस अश्वशक्तीचं डिझेल इंजिन आहे. समुद्राचं पाणी खेचून घेणारा पंप, त्यात पाकळ्यांचं रबरी चक्र, म्हणजेच इंपेलर. हे चक्र पाण्यानंच वंगण घेतं. कोरडं फिरलं तर मिनिटा-दोन मिनिटांत पाकळ्या जळतात.

तिसऱ्या मोसमात मुखाशीच हे घडलं. मी पुढं शीड उतरवत होतो, मावसभाऊ सुकाणूवर. "अरे, मागनं पाणी येईना झालंय की!" तो ओरडला. धुराड्यातून धुरासोबत पाण्याच्या चुळा पडायला हव्यात, तिथं नुसती पांढरी वाफ. "बंद कर पहिला!" इंजिन बंद केलं, नांगर टाकला आणि मग काम. त्या दिवशी पाण्याच्या तोंडाशी दुधाची प्लॅस्टिक पिशवी अडकली होती. कारण काहीही असो, क्रम हाच:

१. समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करा आणि इंजिनाची किल्ली त्याच्या दांड्याला अडकवा. किल्ली घ्यायला गेलात की कॉक आठवेल. ही एवढी सवय इंपेलरांचा निम्मा खर्च वाचवते.

२. पंपाखाली फडकं पसरा. झाकणाचे चार किंवा सहा स्क्रू काढून वाटीत ठेवा. फडकं पाण्यासाठी नाही, निसटणाऱ्या स्क्रूसाठी. बिल्जमध्ये गेलेला स्क्रू परत मिळत नाही.

३. इंपेलर दोन पकडींनी समोरासमोर धरून सरळ बाहेर ओढा. स्क्रूड्रायव्हरनं उपटू नका, पंपाच्या तोंडाला ओरखडा पडला की तिथून हवा खेचली जाते.

४. पाकळ्या मोजा. तुटलेला प्रत्येक तुकडा सापडलाच पाहिजे. आम्हाला त्या दिवशी दोन तुकडे कमी पडत होते. पुढचा होज काढला तर ते हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाची उष्णता काढून घेणाऱ्या भागाच्या) तोंडाशी मासळीच्या तुकड्यांसारखे अडकलेले. ते तिथंच सोडून नवा इंपेलर बसवला असता तर इंजिन पुन्हा तापलं असतं आणि आम्ही पंपाला शिव्या देत बसलो असतो.

५. नव्या इंपेलरला ग्लिसरीन किंवा भांडी घासायचा साबण चोळा. ग्रीस नको, पेट्रोलियमनं रबर फुगतं. पाकळ्या फिरण्याच्या दिशेला मागे झुकतील अशा वाकवत, पिळत आत बसवा.

६. झाकणाच्या आतल्या बाजूला नखाला जाणवतील असे गोल चरे असतील तर झाकण उलटं करून दुसरी बाजू आत लावा. तीही गेली असेल तर पुढच्या फेरीत लेथवर सपाट करून आणा. नवं पॅकिंग लावा, स्क्रू आलटून-पालटून आवळा.

७. कॉक उघडा, किल्ली काढा, इंजिन चालू करा आणि मागं जाऊन पाणी बघा. अर्ध्या मिनिटात चूळ आली नाही तर बंद.

दुसरा नेहमीचा आजार म्हणजे इंजिनानं एअर घेणं. हे शेतकऱ्याला शिकवायला नको. ट्रॅक्टरचं डिझेल संपवून ज्यानं एकदा बांधावर एअर काढली आहे त्याला बोटीवरही जमतं. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू दोन आटे सैल करा, डिझेल खेचणाऱ्या लिफ्ट पंपाची छोटी दांडी हातानं मारत राहा, फेस थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. दांडी ढिली लागत असेल, दाब येत नसेल, तर पंप चालवणारा कॅम (दांड्यावरचा उंचवटा) नेमका वर थांबलेला असतो. इंजिन हातानं एक फेरा फिरवा आणि पुन्हा मारा. बांधावर नसलेली एकच गोष्ट इथं असते, ती म्हणजे दमट हवा. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री आतून दव धरतं, ते पाणी तळाशी बसतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जिवाणू वाढून काळी बुळबुळीत साय तयार होते. हालत्या समुद्रात ती ढवळली गेली की फिल्टर चोंदतो, म्हणजे इंजिन नेमकं तिथंच बंद पडतं जिथं नको. म्हणून घाट चढण्याआधी टाकी काठोकाठ भरा आणि आल्यावर फिल्टरखालच्या काचेतलं पाणी सोडून द्या.

बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बुडातून बाहेर जातो तिथं ग्लँड असते, शेतातल्या पंपाला असते तशीच. दांडा फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब गळायला हवेत, ते तिचं वंगण. पंपाचं काम केलेले लोक इथं चुकतात: गळती दिसली की पाना फिरवतात, ग्लँड कोरडी करतात, आणि दोरी जळून दांड्याला खाच पडते. हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर सैल करा. दोरी बदलताना तिरप्या कापाचे वेगवेगळे कडे करा, स्प्रिंगसारखी गुंडाळू नका, आणि प्रत्येक कड्याचा सांधा आधीच्यापासून फिरवून बसवा. हे काम बोट पाण्याबाहेर असताना करणं शहाणपणाचं.

वीज

थोडक्यात सांगतो. साधी लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीनंतर १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, त्याखाली नेऊ नका. उकाड्यात तिचं आयुष्य तसंही कमी होतं, म्हणून ती इंजिनाच्या शेजारी नको. शंभर वॉटचं सोलर पॅनेल आपल्या उन्हात दिवसाला पंचवीस-तीस ॲम्पिअर-तास देतं. आमचा जुना फ्रिज एकटा दिवसाला पंचेचाळीस खायचा. दोन मोसम हिशेब जुळवत बसलो, तिसऱ्याला फ्रिज काढून त्या जागी कांदे-बटाटे ठेवले. वायरीचे सांधे सोल्डर करू नका, हादऱ्यानं सोल्डरच्या काठाशी वायर तुटते. चांगल्या पकडीनं लग दाबा आणि वर आतून गोंद असलेली नळी तापवून बसवा. बेळगावहून साधी घरगुती वायर आणून बसवलीत तर वर्षात आवरणाखाली हात-दीड हात आतपर्यंत काळी पडते.

पाणी, जेवण, अंग

आमची टाकी दोनशे लिटरची. दोघांना, माणशी दहा लिटर धरले तर दहा दिवस. त्यातले चार लिटर नुसते पिण्याचे, एप्रिलमध्ये त्याहून जास्त. टाकी भरताना पाण्याची शंका असेल तर पाच टक्के हायपोक्लोराइट, बिनवासाचं, लिटरला दोन थेंब. दोनशे लिटरला साधारण वीस मिलिलिटर, आणि अर्धा तास थांबायचं. विजेचा पंप असेल तर पाणी कधी संपलं ते कळत नाही, म्हणून सिंकला पायानं मारायचा पंप बसवला. पाय दुखला की माणूस पाणी कमी वापरतो.

भांडी आणि अंघोळ खाऱ्या पाण्यात, शेवटचा एक तांब्या गोडा. साध्या साबणाला खाऱ्या पाण्यात फेस येत नाही, शाम्पू चालतो. गोड्या पाण्याची खंगाळ अंगावर घेतल्याशिवाय अंथरुणावर बसायचं नाही, हा आमच्या बोटीवरचा सगळ्यात कडक नियम आहे. मीठ हवेतला ओलावा ओढतं. एकदा गादीत मीठ गेलं की ती मोसमभर ओलसर राहते, मग बुरशी, मग पाठीला घामोळं आणि फोड. एरवी कोरड्या हवेत बरं होतं ते खरचटणंही इथं चिघळतं, त्यामुळे बारीक जखमसुद्धा गोड्या पाण्यानं धुऊन झाकून ठेवा.

जेवणाच्या बाबतीत मात्र आपला भाग समुद्रासाठीच जन्माला आलाय असं मला वाटतं. ज्वारीची कडक भाकरी घट्ट डब्यात तीन आठवडे टिकते, फक्त डबा उघडा राहता कामा नये, एका रात्रीत तिचं कातडं होतं. तिच्यासोबत शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, संकेश्वरी मिरचीचा ठेचा तेलात बुडवून, आणि रात्रपाळीला गोकाकचं डिंक-सुकामेव्याचं करदंट. वारा वाढला की शेगडी पेटवायची इच्छा राहत नाही, त्या दिवशी हाच मेनू. बेळगावी कुंदा आणू नका, खव्याचा पदार्थ उकाड्यात फार टिकत नाही. आणलाच तर पणजी सोडायच्या आधी संपवा. भात कुकरलाच, गॅस वाचतो आणि बोट कलली तरी झाकण उडत नाही. खोल समुद्रात असाल तर भाताला एक भाग समुद्राचं आणि तीन भाग गोडं पाणी घ्या, मीठ टाकावं लागत नाही. खाडीत हा प्रयोग नको, कारण खाडीत काय काय येतं ते आपल्याला माहीत आहे.

उकाड्यावर उपाय एकच, सावली. डेकवर ताडपत्री ताणली की खालची खोली बसण्यासारखी होते. पांढरी ताडपत्री घ्या, निळी तापते. दुपारी बारा ते चार कुठलंही काम काढू नका. मी काढलेलं प्रत्येक काम संध्याकाळी परत करावं लागलं आहे.

संडासाबद्दल लोक लिहीत नाहीत, पण मोडतो तोच आधी. खारं पाणी आणि लघवी यांचा मिळून नळीत दगडासारखा थर चढतो. आठवड्यातून एकदा पेलाभर व्हिनेगर ओतून रात्रभर ठेवा. पंप जड झाला तर चमचाभर खाद्यतेल. खाडीत साठवण टाकी बंदच ठेवायची, आजूबाजूला लोक शिणाणे, म्हणजे खायचे शिंपले, काढत असतात.

शीड, दोरा आणि अथणीची आरी

शिडाचं कापड टिकतं, शिवण आधी जाते, कारण उन्हानं दोरा कुजतो. शिवणीवर नखानं जोरात ओरबाडा. दोरा तुटला तर पूर्ण शिवण परत घाला, एक टाका नव्हे. वापर नसताना शीड झाकलेलं हवंच.

मशीन बोटीवर नेता येत नाही. पहिल्या वर्षी मी गोधडीच्या सुईनं बोटं फोडून घेतली. मग अथणीला चप्पल घ्यायला गेलो असताना कारागीर तळ शिवत होते ते बघत बसलो. आरी तळातून आरपार, पलीकडे तिच्या आकडीत दोरा अडकवला, आरी मागे, निघालेल्या फासातून दुसरं टोक, आणि दोन्ही हातांनी एकदम ताण. गाठ चामड्याच्या पोटात बसते, एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. मी विचारलं तर त्यांनी कन्नडमधून समजावलं, मी मराठीतून शंका विचारल्या, दोघांनाही सगळं कळलं. तीच आरी, त्याच टाक्यानं, मेण लावलेला पॉलिस्टर दोरा घालून मी आता शिडाचे कोपरे शिवतो. चार थर जाड कोपऱ्यालाही ती सहज जाते. टाके कापडाच्या वीणेवर तिरपे टाका. सरळ रेषेत टाकले तर भोकांच्या ओळीवर कापड फाटतं, टपाल तिकिटासारखं.

डोलकाठीच्या तारांना वरून खाली कापसाचा बोळा फिरवा. कुठं कापूस अडकला तर तिथं तारेचा एक पीळ तुटला आहे. एक तुटला म्हणजे ती तार बदलायची, वाट बघायची नाही. सगळ्यात आधी तुटते ती खालच्या टोकाशी, जिथं खारं पाणी खोबणीत साठतं. बोळा तिथं दोनदा फिरवा. हे दर मुक्कामाला पाच मिनिटांचं काम आहे.

फायबरचं काम उन्हाळ्यात

इपॉक्सी, म्हणजे फायबरचं कापड चिकटवायचं रेझिन, जितकी गरम तितकी लवकर आवळते, आणि आवळताना स्वतः आणखी तापते. मे महिन्यात मी पाव लिटर एका मगात कालवली. सहा मिनिटांत मगातून धूर आणि तळाला भोक. तेव्हापासून पहाटे काम, संथ हार्डनर, आणि मिश्रण उथळ ताटलीत, एका वेळी चहाच्या कपाएवढं. भेगेच्या कडा लांब उतरत्या घासा, जाडीच्या बारा पट. म्हणजे पाच मिलिमीटरच्या जाडीला चहूबाजूंनी सहा सेंटिमीटर. तुकड्या-तुकड्यांची स्वस्त मॅट इपॉक्सीबरोबर वापरू नका, तिचे तुकडे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टर रेझिनसाठी असतो. विणलेलं कापड घ्या. दमट हवेत सुकलेल्या थरावर मेणचट साय येते. ती आधी पाण्यानं आणि हिरव्या घासणीनं धुवायची, मगच पॉलिश पेपर. न धुता घासलं तर ती साय आत दाबली जाते आणि वरचा रंग पापुद्र्यांनी निघतो.

नांगर आणि वळीव

साखळीचा हिशेब भरतीच्या पाण्यावर करा. पाणी चार मीटर, बोटीचं पुढचं टोक पाण्यावर एक मीटर, उधाणाची भरती अजून दोन मीटर चढणार. सात झाले. त्याच्या पाचपट, म्हणजे पस्तीस मीटर साखळी. नुसता दोर असेल तर सातपट. मग इंजिन मागं घालून नांगर रुतवा आणि किनाऱ्यावरची दोन झाडं किंवा दिवे एका रेषेत धरून ठेवा. तासाभरानं रेष मोडली असेल तर नांगर सरकतोय. नदीत दर सहा तासांनी प्रवाह उलटतो आणि बोट फिरते, म्हणून रेष दोन दिशांना हवी.

एप्रिल-मेमध्ये दुपारी सह्याद्रीकडं काळं चढताना दिसलं की आम्हा घाटावरच्यांना वळीव ओळखीचा असतो, पण छपराखालून. पाण्यावर, मैदानात एकच काठी उभी असल्यासारखी आपली डोलकाठी असते. विजा जवळ आल्या की मोबाइल, हातातला जीपीएस आणि सुटा रेडिओ प्रेशर कुकरमध्ये घालून झाकण लावा. धातूच्या बंद भांड्यात आतल्या वस्तूंना वीज लागत नाही. तारांना, डोलकाठीला हात लावू नका. आणि अरबी समुद्रात चक्रीवादळं मे-जूनमध्ये आणि पावसाळ्यानंतर होतात. तौक्ते २०२१ च्या मेच्या मध्यालाच गोव्याच्या बाजूनं वर गेलं. त्यामुळे 'अजून एक शनिवार-रविवार' हा मोह पंधरा मेनंतर धरायचा नाही.

बोट वर काढणं

मच्छीमारीबंदी १ जूनला लागते, त्याआधी सगळे ट्रॉलर किनाऱ्याला येतात आणि क्रेन-घसरपट्टीला गर्दी होते. जागा एप्रिलमध्येच बोलून ठेवा. वर आल्यावर पहिल्या तासात बुडावरची कवचं, ते धारदार पांढरे बार्नेकल, खरवडा. ओले असताना लाकडी उलथन्यानं निघतात, वाळले की छिन्नी लागते. पंखा आणि पाण्याचं तोंड विसरू नका. मोसमात इंजिनाचे फेरे वाढून वेग वाढत नसेल तर तिथंच खवले असतात. गंजरोधक ॲनोड निम्मा झिजला असेल तर बदला. मांडवीसारख्या गोड्या-खाऱ्या पाण्यात जस्ताच्या ॲनोडवर पांढरी खपली धरून तो झोपी जातो, ॲल्युमिनियमचा घ्या.

इंजिनात गोडं पाणी फिरवा, ऑइल आत्ताच बदला, नोव्हेंबरला नव्हे, कारण जुन्या ऑइलमधलं आम्ल पाच-सहा महिने बेअरिंगवर बसून राहतं. इंपेलर काढून बाटलीत ठेवा, बाटली किल्लीला बांधा. टाकी काठोकाठ. बॅटऱ्या बेळगावला. कप्प्यांची दारं, फळ्या, ड्रॉवर सगळं सताड उघडं, भिंतींना व्हिनेगरचा पोचारा. बोट किंचित मागं कललेली ठेवा म्हणजे निचऱ्याच्या भोकांतून पाणी जाईल, आणि त्या भोकांत पानं अडकू नयेत म्हणून जवळच्या कुणाला तरी दर आठवड्याला बघायला पैसे देऊन सांगा. फुकट सांगितलं तर दोनदाच बघतात.

शिडं मात्र घरीच न्यावी लागतात. घाट चढून आल्यावर गच्चीवर पसरतो, पाइपनं गोडं पाणी मारतो, दोन दिवस उलटसुलट वाळवतो. चाळीस फूट पांढरं कापड, कडेला पितळी वाटणाऱ्या गोल कड्या. गेल्या मेमध्ये समोरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "कुणाचं लग्न काढलंय हो?" मी म्हटलं, शीड आहे. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "असू दे, खरं वळीव येणार आज, आत घ्या." चारला आलाच. घडी ओली झाली, पुन्हा दोन दिवस गेले. आता मी शिडं पहाटे पसरतो आणि तीनला गुंडाळतो.